बर्फगाडी, गॅरेज आणि बंद दार

१९३४ सालचा जानेवारी. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातले व्हाल्कूर हे खेडे बर्फात बुडालेले होते. गावात मोटारींचे गॅरेज चालवणाऱ्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए या सव्वीस वर्षांच्या तरुणाचा दोन वर्षांचा मुलगा, इव्हों, पोटदुखीने तळमळत होता. अपेंडिक्सचा दाह झाला होता आणि तो पोटभर पसरला होता. शस्त्रक्रिया होऊ शकेल असे रुग्णालय शेरब्रूकला, चाळीस-पन्नास किलोमीटरवर. उन्हाळ्यात फारसे लांब नाही. पण त्या काळी तिथल्या खेड्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ कोणी हटवत नसे. लोक मोटारी थंडीभर ठोकळ्यांवर चढवून ठेवत आणि बर्फ वितळला की उतरवत. बर्फावर चालेल अशी गाडी बनवण्याचा बोंबार्दिएचा खटाटोप कित्येक वर्षे चालला होता, पण नमुना त्या दिवशी गॅरेजमध्ये सुटा होऊन पडला होता. मूल वाचले नाही.

अपेंडिक्ससारख्या दुखण्याने मूल कसे दगावते, असे आज वाटू शकते. अपेंडिक्स ही मोठ्या आतड्याला जोडलेली एका बाजूने बंद नळी. तिचे तोंड बुजले की आत जंतू वाढतात, नळी फुगते, तिच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती फुटते. मोठ्या माणसात याला साधारण दीड ते तीन दिवस लागतात. लहान मुलात हे लवकर होते, शिवाय दोन वर्षांच्या मुलाला नेमके कुठे दुखते हे सांगता येत नाही. म्हणूनच या वयात निदान होईपर्यंत अपेंडिक्स फुटलेले असण्याचे प्रमाण आजही मोठे आहे. फरक इतकाच, की आज प्रतिजैविके आहेत. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लागला असला तरी औषध म्हणून ते रुग्णांपर्यंत पोहोचले १९४० च्या दशकात. १९३४ मध्ये नळी फुटण्याआधी शल्यविशारदाच्या टेबलावर पोहोचणे हाच काय तो इलाज होता. त्यासाठी गाडी हवी होती.

ती गाडी पुढच्या तीनेक वर्षांत तयार झाली. बोंबार्दिएचा पहिला प्रयत्न खरे तर १९२२ च्या वर्षअखेरीचा. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. फोर्डच्या जुन्या मॉडेल-टी गाडीचे इंजिन घसरगाडीवर बसवून त्याने मागे विमानासारखा लाकडी पंखा लावला. गाडी चालली. मात्र उघड्यावर गरगरणारा तो पंखा पाहून वडिलांनी ती तिथल्या तिथे मोडायला लावली. बर्फगाडीच्या इतिहासातला हा पहिला सुरक्षा-निरीक्षक म्हणायला हरकत नाही.

खरी अडचण इंजिनाची नव्हतीच, बर्फाची होती. मोटारीचे टायर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलोचा भार टाकते. सत्तर किलोचा माणूस एका पावलावर उभा राहिला तर हाच भार पाव ते अर्ध्या किलोच्या आसपास असतो, आणि तरी मऊ बर्फात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. याचा अर्थ, टनभर वजनाच्या गाडीला माणसाहून हलके पाऊल टाकायला शिकवायचे. उपाय एकच: वजन मोठ्या क्षेत्रावर पसरायचे. त्यासाठी मागे लांबरुंद फिरते पट्टे आणि पुढे वळवण्यासाठी स्की. पण पट्टे फिरवणाऱ्या दातेरी चाकांत बर्फ अडकून गोठत असे आणि पट्टा निसटत असे. बोंबार्दिएने दात्यांवर रबर चढवले. रबर दबते, बर्फ चिकटू देत नाही आणि आवाजही कमी करते. या चाक-पट्ट्याच्या जोडीचे पेटंट त्याला १९३७ मध्ये मिळाले. त्याच सुमारास सात माणसांची बी-७ आणि १९४२ मध्ये बारा माणसांची बी-१२ आली. वाकवलेल्या प्लायवूडचे गोलसर अंग, जहाजासारख्या गोल खिडक्या, इंजिन मागच्या बाजूला. अडीच हजारांहून अधिक बी-१२ तयार झाल्या. त्यांतून मुले शाळेत गेली, टपाल गेले, डॉक्टर बाळंतिणीकडे गेले आणि रुग्ण रुग्णालयात पोहोचले.

मग १९४८ मध्ये क्वेबेक सरकारने खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात मोकळे ठेवायचे ठरवले आणि या गाड्यांचा मोठा बाजार आटला. बोंबार्दिए छोट्या गाड्यांकडे वळला. १९५९ ची त्याची स्की-डू म्हणजे गुलमर्गला किंवा सोलंगला पर्यटक ज्यावर फेरी मारतात त्या स्नो स्कूटरची पूर्वज. बी-१२ मात्र हळूहळू कोठारांत आणि शेतांच्या बांधांवर जाऊन पडल्या. काही विनिपेग सरोवरावरच्या मच्छीमारांकडे राबत राहिल्या, काही अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानात प्रवासी वाहत राहिल्या. उरलेल्या आता हौशी लोक शोधून काढतात.

अशी गाडी सापडते तेव्हा ती गाडी कमी आणि सांगाडा जास्त असतो. प्लायवूड खालून कुजलेले, कारण पट्ट्यांनी उडवलेला ओला बर्फ वर्षानुवर्षे तिथेच साचलेला. रबराला भेगा. पेट्रोलच्या टाकीत डिंकासारखा गाळ. बैठकीच्या भुशात उंदरांची बिळे. इंजिन गंजून जाम झालेले असले तर सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडून आठवडाभर वाट बघायची, मग पाना लावून हाताने किंचित हलवून पाहायचे. प्लायवूडचे नवे अंग वाकवणे हे त्याहून चिवट काम. पातळ थर साच्यावर एकावर एक चिकटवायचे आणि ते सुकेपर्यंत जखडून ठेवायचे. घाई केली की लाकूड तडकते. एक गाडी उभी करायला काही हिवाळे सहज जातात.

इतका वेळ माणसे यात का घालवतात, याचे उत्तर काही अंशी आरोग्यशास्त्राकडे आहे. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात सोळा देशांतल्या पासष्टीपुढच्या सुमारे ९३ हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना एखादा छंद होता त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी आढळली. स्वतःचे आरोग्य, आनंद आणि आयुष्याबद्दलचे समाधान याविषयी त्यांची उत्तरे अधिक चांगली होती. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. छंदामुळे माणूस बरा राहतो की बरा असलेला माणूस छंद जोपासतो, हे त्यातून पुरते सुटत नाही. तरीही निवृत्तीनंतर सकाळी उठून जाण्यासारखे एखादे ठिकाण असणे, आणि तिथे कालच्यापेक्षा आज एक नट पुढे गेलेला असणे, याची किंमत कळायला अभ्यासाची गरज नसावी.

पण एक गोष्ट या छंदात सहसा बोलली जात नाही. ज्या देशांत बर्फगाड्या सापडतात तिथे शेतकऱ्याला मोकळा वेळ मिळतो हिवाळ्यात. बाहेर उणे वीस अंश तापमान असते. साहजिकच गॅरेजचे दार घट्ट बंद, हीटर चालू. म्हणजे त्या खोलीत जे काही हवेत उडेल ते तिथेच राहणार. करवत आणि हातोड्याची भीती माणसाला उपजत असते, हवेची नसते.

पहिला धोका पान्याला हात लागण्याआधीच भेटतो, आणि तो उंदरांचा आहे. उत्तर अमेरिकेतला डिअर माऊस हा हरणाच्या रंगाचा छोटा उंदीर हंटा विषाणू बाळगतो. त्याची लेंडी आणि मूत्र वाळले की झाडताना धूळ उडते आणि विषाणू श्वासातून फुप्फुसात जातो. त्यातून होणारा फुप्फुसाचा आजार विरळा आहे, पण झाला तर साधारण एक तृतीयांश रुग्ण दगावतात. वर्षानुवर्षे बंद पडलेली कोठारे आणि वाहने साफ करणे ही लागण होण्याची नेहमीची वाट. म्हणून जुनी गाडी उघडल्यावर केरसुणी हातात घ्यायची नसते. आधी अर्धा तास दारे-खिडक्या उघड्या ठेवायच्या, मग ब्लीचचे पातळ पाणी फवारून घाण चांगली भिजू द्यायची आणि हातमोजे घालून ओल्या कापडाने पुसून घ्यायची.

त्यानंतर ब्रेक आणि क्लच. इथे या गाडीचा आणि तिच्या जन्मभूमीचा एक विचित्र संबंध आहे. व्हाल्कूर ज्या भागात आहे त्याच भागात ‘ॲस्बेस्टॉस’ नावाचे गाव होते. गावाचे नावच खाणीवरून पडले. जगातल्या ॲस्बेस्टॉसच्या सर्वांत मोठ्या उघड्या खाणींपैकी एक तिथे होती. बी-१२ चा सुवर्णकाळ चालू असताना, १९४९ मध्ये, इथल्या आणि शेजारच्या थेटफर्ड माइन्सच्या सुमारे पाच हजार खाणकामगारांनी संप केला. त्यांच्या मागण्यांत धूळ बंद करा ही एक होती. उष्णता सोसणारा हा तंतू त्या काळच्या वाहनांच्या ब्रेक लायनरमध्ये, क्लच प्लेटमध्ये, इंजिनाच्या पॅकिंगमध्ये सर्रास असे. कॅनडातल्या खाणी २०१० नंतर लवकरच थंडावल्या, २०१८ मध्ये देशाने ॲस्बेस्टॉसवर बंदी आणली आणि २०२० मध्ये गावानेही नाव बदलून ‘व्हाल-दे-सुर्स’ असे केले. खाणींच्या अखेरच्या वर्षांत त्यांचा एक मोठा गिऱ्हाईक भारत होता, ही नोंद इथे अस्थानी नाही.

ॲस्बेस्टॉसचा तंतू डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक असतो. तो फुप्फुसाच्या टोकाशी जाऊन रुततो. शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळू पाहतात, पण तो त्यांच्यापेक्षा लांब असल्याने त्यांनाच तो पुरून उरतो. हा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. फुप्फुसाचा कर्करोग किंवा फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा दिसू लागेपर्यंत वीस ते चाळीस वर्षे गेलेली असतात. त्यामुळे “मी आयुष्यभर हेच केले, मला काही झाले नाही” हे जुन्या मेकॅनिकचे वाक्य पुरावा म्हणून फारसे कामाचे नाही. सर्वांत वाईट सवय म्हणजे ब्रेकच्या ड्रमात कॉम्प्रेसरने हवा मारणे, जी आपल्याकडच्या गॅरेजांतही रोज दिसते. एका फुंकरीत साठलेली सगळी भुकटी खोलीभर होते. लायनर ओले करून काढायचे, पिशवीत बंद करायचे. साधा व्हॅक्यूम लावायचा नाही, कारण इतके बारीक तंतू त्याच्या मागच्या बाजूने बाहेर पडतात. कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. पी-१०० दर्जाचे फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो.

हौशी मंडळींत ‘सगळे मूळचेच हवे’ असा एक हट्ट असतो. जुन्या दुकानांत न विकलेले सत्तर वर्षांपूर्वीचे ब्रेक लायनर सापडले तर ते आनंदाने विकत घेतले जातात. हा हट्ट बाकी सगळीकडे गोड आहे, इथे नाही. लायनर ड्रमच्या आत असतो, बाहेरून कोणालाही दिसत नाही.

रंगाचे प्रकरण वेगळे, पण धूळ तीच. त्या काळच्या रंगांत शिसे असे. पिवळ्या-नारिंगी छटांत तर हमखास. पॉलिश पेपरने घासले किंवा ग्राइंडर लावला की शिशाची भुकटी उडते. तीच कपड्यांवरून, बुटांवरून आणि केसांतून घरात जाते. रेडिएटरच्या झाळणीत शिसे असते. इंजिन खोलल्यावर पिस्टनच्या डोक्यावरची करडी-काळी खपलीही निर्धोक नाही, कारण ते इंजिन कित्येक वर्षे शिसेयुक्त पेट्रोलवर चालले आहे. शरीर शिशाला कॅल्शियम समजते आणि हाडांत साठवते. तिथे ते काही दशके राहू शकते. मोठ्या माणसात त्याने रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. मुलांत ते वाढत्या मेंदूवर घाला घालते. शिशाची निर्धोक अशी पातळी ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. आजोबांच्या गॅरेजमध्ये नातवंडांनी खेळणे हे चित्र कितीही लोभस असले तरी रंग घासण्याच्या दिवसांत ते टाळायला हवे. कामाचे कपडे गॅरेजमध्येच उतरवायचे आणि वेगळे धुवायचे. रक्तातल्या शिशाची चाचणी साधी आहे.

बंद दाराचा आणखी एक परिणाम म्हणजे वाफा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीवरून सरपटत कोपऱ्यातल्या हीटरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असते. असा फवारा मारलेल्या भागावर तो वाळण्याआधी वेल्डिंग केले, तर त्या उष्णतेत फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात रणांगणावर वापरलेला वायू तो हाच. लबाडी अशी, की सुरुवातीला थोडा खोकला येतो, मग बरे वाटते आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू लागते. फवाऱ्याच्या डब्यावर ‘क्लोरीनविरहित’ असे आहे का, हे पाहणे एवढाच याचा उपाय.

या तुलनेत हातांचे दुखणे किरकोळ, पण ते पुष्कळांना होते. थंडीत तासन्‌तास ग्राइंडर धरल्याने कंपनांमुळे बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. बोटे पांढरीफटक पडतात, मुंग्या येतात. सुरुवातीला ते तात्पुरते असते, दुर्लक्ष केले तर कायमचे होऊ शकते.

आणि मग तो दिवस येतो. गाडी जोडून झाली, नवी बॅटरी बसवली, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आले. बाहेर हिमवादळ आहे. कोणाला धीर धरवेल? दोन मिनिटे फक्त चालू करून बघू, असे म्हणून आतच स्टार्टर दाबला जातो. सबंध प्रकल्पात जीव जाण्याची सर्वांत जवळची शक्यता या दोन मिनिटांत असते.

गारठलेले इंजिन चोक ओढून सुरू केले की त्यात पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. धूर शुद्ध करणारे कोणतेही साधन या गाडीत नसते, आणि सायलेन्सरच्या जुन्या जोडांतून गळती असली तर मागे इंजिन असलेल्या या बंदिस्त अंगात वायू थेट प्रवाशांच्या जागेतच येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पाय जड होतात. दिवसभर कामाने थकलेल्या माणसाला हे थकव्याचेच वाटते आणि तो बसून घेतो. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरात गॅस गिझरने जे बळी जातात, त्यांचे कारण हेच असते.

करोनाच्या काळात घरोघरी आलेला बोटावरचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते आणि तो ९८ दाखवतो. शंका आली तर आकड्याकडे न पाहता त्या माणसाला मोकळ्या हवेत आणायचे आणि रुग्णालयात न्यायचे. साध्या हवेत रक्तातले हे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. शुद्धीवर आल्यावरही काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यात झोक जाणे असे मेंदूचे त्रास उद्भवू शकतात. त्यामुळे पुन्हा तपासणी लागते.

गॅरेजचे दार उघडे ठेवले की झाले, असे अनेकांना वाटते. तेवढे पुरत नाही. वारा आत वाहत असेल तर धूर उलट आतच कोंडतो, शिवाय लगतच्या घरातही शिरतो. भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा असावाच. पण इंजिन पहिल्यांदा सुरू करायची जागा अंगणच.

व्हाल्कूरला बोंबार्दिएच्या नावाचे संग्रहालय आहे आणि त्यात त्याचे मूळ गॅरेज जपून ठेवले आहे. बोंबार्दिए स्वतः १९६४ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, पोटाच्या कर्करोगाने गेला. त्याच्या बी-१२ आजही कुठे कुठे पुन्हा उभ्या राहतात. ज्यांना हे काम नीट माहीत आहे ते त्या पहिल्या दिवशी चारदोन शेजाऱ्यांना बोलावतात, दोर लावतात आणि इंजिन बंद असलेली गाडी ढकलत-ओढत बाहेर बर्फावर आणतात. पट्टे सत्तर वर्षे जुन्या सवयीने खडखडतात. मग कोणीतरी आत बसून चोक ओढतो.